फोन आला तर

आपल्याकडे रक्तदान आता सणावारांचा भाग झालं आहे. शिवजयंती असो, गणपती असोत, नगरसेवकाचा वाढदिवस असो नाहीतर कुणा दादासाहेबांची पुण्यतिथी, मांडव पडतो, स्पीकर लागतो, फ्लेक्सवर डझनभर चेहरे हात जोडून हसू लागतात आणि आत चार-सहा खाटांवर माणसं मुठीची उघडझाप करत पडलेली असतात. बाहेर पडताना चहा, ग्लुकोजची बिस्किटं, प्रमाणपत्र आणि मंडळ सधन असेल तर स्टीलचा डबा, हेल्मेट किंवा प्रवासी बॅग. या सगळ्याला नाकं मुरडणं सोपं आहे. पण देशात सर्वाधिक रक्त गोळा करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र वर्षानुवर्षं पुढे आहे, त्यात या मांडवांचा वाटा मोठा आहे. हेल्मेटसाठी दिलेलं रक्तही रक्तच असतं.

अशाच मांडवाच्या कडेला हल्ली कधी कधी आणखी एक टेबल दिसतं. मागे कॉलेजातली वाटावीत अशी दोन मुलं, पुढ्यात फॉर्मचा गठ्ठा आणि लांब काड्यांची सीलबंद पाकिटं. तिथे खाट नसते, सुई नसते, रांगही नसते. डोंबिवलीत आमच्या घरामागच्या मैदानात मी ते टेबल पाहिलं तेव्हा रक्त देऊन आलेले एक गृहस्थ तिथल्या मुलीला विचारत होते, "इथे काय देतात?"

"काही देत नाही काका, नाव लिहून घेतो. बोन मॅरो डोनर म्हणून."

'बोन' एवढं ऐकल्याबरोबर काकांनी मान डोलावून नमस्कार केला आणि ते बिस्किटांच्या दिशेनं निघून गेले.

मी बसले. फॉर्ममध्ये नाव, वय, वजन, जुने आजार, सध्या चालू असलेली औषधं. वयाची अट अठरा ते पन्नास, म्हणजे मी अजून बसत होते. मग स्वतःचा मोबाइल नंबर आणि त्याखाली जवळच्या आणखी दोन माणसांचे नंबर. "आणखी दोन कशाला?" मी विचारलं. "मॅडम, तुमची गरज कदाचित दहा वर्षांनी लागेल," मुलगी म्हणाली. "तेव्हा तुम्ही हाच नंबर वापरत असाल कशावरून?" मी नवऱ्याचा आणि दादाचा नंबर घातला. त्यांना न विचारताच.

मग तिनं पाकीट फोडून काडी हातात दिली. "गालाच्या आतून घासा, जरा जोर लावून. हिरडी नको, गालच." डावीकडे घासलं, दुसऱ्या काडीनं उजवीकडे. काडीच्या टोकाचा कापूस ओला झाला होता, बाकी त्यावर डोळ्यांना दिसेल असं काही नव्हतं. तिनं काड्या हवेत थोड्या वाळू दिल्या, पाकिटात सरकवल्या, बारकोडचं एक स्टिकर पाकिटावर आणि एक फॉर्मवर चिकटवलं आणि म्हणाली, "झालं."

रक्त दिलेल्या माणसाच्या कोपराच्या खळगीत निदान एक चिकटपट्टी तरी असते. घरी गेल्यावर ती दाखवता येते. मला दाखवण्यासारखं काही नव्हतं, कारण मी काही दिलंच नव्हतं. शोधायला आलेल्याला सापडेन अशा ठिकाणी मी फक्त नाव लिहून आले होते.

थांबून बसावंसं वाटलं, त्याला कारण होतं. मी उल्हासनगरात एका बँकेच्या शाखेत काम करते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आणून वसवलं, ते हे गाव. इथले पत्ते अजूनही कॅम्प नंबरनं सांगतात. आमच्या काउंटरवर येणाऱ्या एका कापड व्यापाऱ्याची पैसे भरण्याची वेळ ठरलेली असते, पण मधूनच एखाद्या दिवशी तो शाखा उघडायच्या आधी दारात उभा असतो. "जल्दी कर दो मॅडम, आज बच्चे को खून चढाना है." मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. त्याच्या शरीराला नीट हिमोग्लोबिन बनवता येत नाही, म्हणून दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त द्यावं लागतं. त्या रक्तातलं लोह शरीरात साठत जातं, हृदयात आणि यकृतात उतरतं, म्हणून ते बाहेर काढणारी औषधं रोज घ्यावी लागतात. मांडवातल्या त्या बाटल्यांपैकी किती तरी अशा मुलांकडे जातात.

हा आजार सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत जास्त आढळतो. आईवडील दोघेही नुसते वाहक असले तर त्यांना स्वतःला काही होत नाही. बहुतेकांना आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. पण त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. यावर रुळलेला असा कायमचा इलाज म्हणजे जुळणाऱ्या दात्याची निरोगी मज्जा, म्हणजेच तो 'बोन मॅरो'. त्या व्यापाऱ्याला धाकटी मुलगी आहे. तिची तपासणी झाली. "छोटी का मॅच नहीं हुआ," कर्ज नामंजूर झाल्याचं सांगावं तशा कोरड्या आवाजात तो मला म्हणाला आणि नोटा मोजायला लागला.

या जुळण्याचा रक्तगटाशी संबंध नाही. रक्तगट आठ-दहा नावांत संपतात आणि कुठल्याही मांडवात आपल्या गटाची माणसं भेटतात. इथे जुळवायची असतात ती पेशींच्या पृष्ठभागावरची ओळखीची प्रथिनं, ज्यांच्यावरून शरीर आपलं कोण आणि परकं कोण ते ठरवतं. फ्रान्सच्या झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये त्यातलं पहिलं प्रथिन ओळखलं. त्यासाठी त्यांना १९८० साली नोबेल मिळालं. ही प्रथिनं घडवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी दाटीनं बसलेली असतात, त्यामुळे ती बहुधा गठ्ठ्यानंच पुढच्या पिढीत जातात. एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. आईकडे दोन गठ्ठे, वडिलांकडेही दोन, म्हणजे चार जोड्या संभवतात. दोन सख्ख्या भावंडांच्या हाती नेमकी तीच जोडी लागण्याची शक्यता चारात एक. आजार व्हायची शक्यता चारात एक आणि त्या आजारावरचं औषध घरात असण्याची शक्यताही चारात एकच. त्यातही ते भावंड स्वतः त्या आजारातून सुटलेलं हवं.

चारात एक हा हिशोब भावंडांच्या संख्येवर चालतो. बँकेत काम करणाऱ्या माणसाला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी आमच्या घराचे मांडून पाहिले. माझ्या आजीला सात भावंडं होती. सातांतलं निदान एक तरी तिच्याशी जुळण्याची शक्यता ८७ टक्के. आईला तीन भावंडं, ५८ टक्के. मला एकटा दादा, २५ टक्के. माझ्या मुलीला भावंड नाही. तिच्या खात्यात शून्य. आजीच्या तरुणपणी भावंडं होती पण हा उपचार कुठे नव्हता, मुलीच्या वेळी उपचार आहे पण भावंडं नाहीत. लहान कुटुंबाचं शहाणपण आपण स्वीकारलं आणि ते शहाणपणच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जे माजघरात सापडू शकलं असतं ते आता उंबरठ्याबाहेर शोधावं लागणार, हा त्या शहाणपणाचा उरलेला भाग आहे. तो आपण अजून हिशोबात धरलेला नाही.

उंबरठ्याबाहेर शोधायची सुरुवात एका अपघातातून झाली. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियात विंचा इथल्या अणुभट्टीत सहा जणांना किरणोत्साराचा जबर मारा बसला. त्यांची मज्जा जळून गेली. त्यांना पॅरिसला नेलं आणि जॉर्ज माते या डॉक्टरांनी पाच जणांना अनोळखी फ्रेंच माणसांची मज्जा दिली. त्या दात्यांना काय होईल हे धड कुणालाच सांगता येत नव्हतं. जुळणी तपासण्याचं शास्त्र अजून जन्माला यायचं होतं. सहांपैकी एक दगावला, पाच जण घरी परतले. त्या मज्जेनं त्यांना नेमकं किती तारलं यावर पुढे डॉक्टरांत वाद झाले. पण परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या माणसासाठी हाडात सुई टोचून घ्यायला माणसं तयार होतात, एवढं त्या वर्षी निर्विवाद ठरलं. अमेरिकेत ई. डोनल थॉमस त्या आधीपासून धडपडत होते. १९५७ साली त्यांनी छापलेल्या पहिल्या प्रयत्नांतले रुग्ण फार काळ जगले नाहीत. थॉमस यांनी काम सोडलं नाही आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळालं.

मला मात्र या सगळ्या इतिहासात एका आईची गोष्ट जास्त लागते. शर्ली नोलन यांचा मुलगा अँथनी १९७१ साली जन्मला तो एक दुर्मीळ आजार घेऊनच. घरात कुणी जुळेना. अनोळखी माणसांत शोधावं म्हटलं तर शोधायचं कुठे? यादीच नव्हती. मग १९७४ साली लंडनमध्ये या बाईंनी यादी करायला घेतली. जगातली अशी ती पहिली नोंदवही. अँथनीला जुळणारा दाता त्या यादीत कधीच आला नाही. १९७९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी तो गेला. यादी चालू राहिली आणि आजही त्याच्याच नावानं चालते. आज जगभरातल्या अशा याद्यांत मिळून ४ कोटींहून अधिक नावं आहेत. मुलासाठी सुरू केलेलं काम मूल गेल्यावरही बंद न करणं, याला काय म्हणावं ते मला सुचत नाही.

त्या ४ कोटींत आपण कुठे आहोत? जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आतबाहेर, आणि नोंदवलेले दाते एक कोटीच्या आसपास. आपण १४० कोटी, आणि चेन्नईची 'दात्री', बंगळुरूची 'डीकेएमएस इंडिया' अशा सगळ्या संस्थांच्या नोंदी एकत्र केल्या तरी हिशोब काही लाखांचाच. उपचाराला आपण उशीर केला असं मुळीच नाही. मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातलं पहिलं मज्जारोपण केलं. लहानपणीच्या पोलिओमुळे स्वतः व्हीलचेअरवरून वावरणारा हा डॉक्टर. रुग्ण नऊ वर्षांची, रक्ताचा कर्करोग झालेली मुलगी, आणि दाता तिचा भाऊ. भाऊ होता, जुळला. ज्यांचा जुळत नाही, किंवा ज्यांना नाहीच, त्यांच्यासाठीची वही उघडायला मात्र आपल्याला आणखी बरीच वर्षं लागली.

या वहीत भारतीय नावं कमी असल्याची किंमत डोंबिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत सारखीच मोजावी लागते. तिकडे जन्मलेल्या मराठी मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तर लाखो जर्मन आणि अमेरिकन नावांचा त्याला फारसा उपयोग होत नाही. त्याच्याशी जुळणारा माणूस असलाच तर बहुधा सांगली-सोलापूरकडेच कुठेतरी असतो, आणि त्यानं कधी काडी गालावर फिरवलेली नसते. ज्यांचे पूर्वज एका प्रदेशात, एका समाजात लग्नं करत आले त्यांचे ते गठ्ठे एकमेकांशी मिळतेजुळते असतात, म्हणून.

इथे मी जरा अडखळते. रक्तदानानं आपल्याला एक धडा चांगला दिला होता. बाटलीवर गट लिहिलेला असतो, आडनाव नसतं. शाळेत बाईंनी तो धडा शिकवला आणि आम्ही तो मनापासून मानला. आता मज्जा म्हणते, तुमचे पणजोबा कुठे सोयरीक करत होते तेही थोडं पाहावं लागेल. हैदराबादच्या सीसीएमबीच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की या देशातले समूह कधीकाळी एकमेकांत भरपूर मिसळले होते आणि साधारण दोन हजार वर्षांपूर्वी हे मिसळणं थांबत गेलं. जातीबाहेर लग्न करायचं नाही हा नियम म्हणजे कुणी पोथीत लिहिलेला विचार एवढंच नाही. तो आपल्या पेशींवर उमटला आहे.

मी अकोल्याची, नवरा त्रिशूरचा. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांच्या जेवणाची मनसोक्त निंदा केली आणि मग पंगत उठवली. मुलगी दोन्ही भाषांत भांडते. तिच्या एका गठ्ठ्यात वऱ्हाड आणि दुसऱ्यात केरळ आहे. असा जोड दुसऱ्या कुणाकडे सापडणं एखाद्या जर्मन मुलापेक्षाच नव्हे, तर आमच्या शेजारच्या जोशींच्या मुलीपेक्षाही अवघड. हे वाचलं त्या रात्री मी मुलीच्या खोलीत दोनदा डोकावून आले. मग स्वतःलाच म्हटलं, यावरचा उपाय मुलांनी जातीत लग्न करावं हा नव्हे. त्याच बंदिस्त लग्नांनी तर थॅलेसेमिया जपून ठेवला. उपाय असेल तर वहीत सगळ्या तऱ्हेची नावं भरपूर यावीत हा. हल्ली निम्मी जुळणी असलेल्या आईबापांची मज्जा वापरूनही रोपण करता येतं आणि त्यानं पुष्कळांना आशा मिळाली आहे. तरी पूर्ण जुळणारा दाता सापडला, तर डॉक्टरांचं पहिलं लक्ष अजूनही तिकडेच जातं.

आईला फोनवर सांगितलं तर ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "मणक्यात सुई घालतात ना वं ती? कायले पाहिजे तुले हे? उद्या कंबर धरली तं कोन पाह्यन?" मणक्यात सुई घालून पाणी काढतात आणि माणूस जन्माचा अधू होतो, ही समजूत अकोल्यात आहे तशी डोंबिवलीतही आहे. मी तिला सावकाश सांगितलं. मणक्याचा इथे संबंधच नाही. मज्जाच काढायची झाली तर ती कमरेच्या हाडातून, मागच्या बाजूनं, पूर्ण भूल देऊन काढतात. आठवडाभर तिथे ठणका राहतो. पण बहुतेक वेळा आता तेही करत नाहीत. चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन देतात. त्यानं मज्जेतल्या मूलपेशी भराभर वाढून रक्तात उतरतात. त्या दिवसांत हाडं दुखतात, डोकं जड होतं, ताप येणार असं वाटत राहतं. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र मूलपेशी वेगळ्या काढून घेतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार-पाच तास पडून राहायचं. शेवटी एका लहान पिशवीत थोडासा लालसर द्रव जमतो. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढतं. पैसे मिळत नाहीत.

"आन् मंग ते तिकडे कसं बसवतात? हाड फोडून?"

हा प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण वाटतं. बसवत नाहीत. साधं रक्त चढवावं तशी ती पिशवी रुग्णाच्या शिरेतून सोडतात. पेशी रक्ताबरोबर फिरतात आणि हाडांतल्या पोकळ्या शोधून आपणहून तिथे जाऊन बसतात. त्यांना रस्ता कुणी दाखवत नाही. दोन-चार आठवड्यांत तिथे नवं रक्त बनायला लागतं. पुढे रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. बहिणीला भावाची मज्जा दिली असेल तर तिच्या रक्ताच्या तपासणीत पुरुषाची गुणसूत्रं दिसतात. लहानपणीच्या लशींनी कमावलेली ताकद जुन्या मज्जेबरोबर गेलेली असते, त्यामुळे चाळिशीच्या बाप्याला पुन्हा बाळांच्या लशी टोचून घ्याव्या लागतात. रोपणाच्या दिवसाला हे रुग्ण आपला दुसरा वाढदिवस म्हणतात, ते उगाच नव्हे.

आई म्हणाली, "बरं. पन आधी तुय्या नवऱ्याले इचार."

नवऱ्याला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याचा नंबर फॉर्मवर आधीच गेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "आणि खरंच फोन आला तर?"

खरं सांगायचं तर बहुतेकांना तो फोन आयुष्यात कधीच येत नाही. याद्या लांब असतात, जुळण्या विरळ असतात, साठीला आलं की नाव वगळलं जातं. टेबलावर बसणाऱ्या पुष्कळांच्या मनात हे असतंच: नाव देऊन टाकू, कोण बोलावतंय. पण ज्याला येतो त्याला तो फोन सवडीनं येत नाही. मुलीची बारावी असते, ऑडिट असतं, घरात लग्न असतं. मग रक्त पुन्हा तपासायला द्या, सगळ्या तपासण्या करा, इंजेक्शनं घ्या, रजा टाका. समोरच्याचं नाव, गाव काही सांगत नाहीत. साधारण वर्षभर दोघांनाही एकमेकांची ओळख कळू देत नाहीत. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्यासाठी ऑडिटच्या आठवड्यात रजा मागायची आहे.

शिवाय दात्याला कुठल्याही टप्प्यावर नाही म्हणण्याचा हक्क आहे. तो असलाच पाहिजे. शरीर ज्याचं त्याचं. पण या प्रवासात एक वळण असं येतं की त्यानंतर त्या हक्काचं वजन बदलतं. रोपणाच्या साधारण आठवडाभर आधी रुग्णाला प्रचंड केमोथेरपी देतात, कधी किरणही देतात, आणि त्याची स्वतःची मज्जा पूर्ण नष्ट करतात. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. तिथून त्याला मागे फिरता येत नाही. त्याच्या हाडांत आता काहीच नसतं. त्या दिवसांत इकडे दात्याच्या घरी कुणी म्हणालं, "जाऊ दे, तुलाच काय पडलंय," आणि दात्यानं फोन बंद करून ठेवला, तर तिकडे काय होतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. याच भीतीनं नोंदणीवाले पुन्हा पुन्हा विचारत राहतात, घरच्यांना बोलावून समजावतात. भारतात जुळलेल्या दात्यांपैकी बरेच जण ऐन वेळी माघार घेतात, ही त्यांची जुनी डोकेदुखी आहे.

माघार घेणारी ही माणसं दुष्ट नसतात. मला वाटतं, बहुतेकदा ती स्वतः नाही म्हणतही नसतात. आपल्याकडे नकार देतं ते घर. काळजीनं देतं, प्रेमानं देतं, पण देतं. टेबलावर सही एकटा माणूस करतो आणि फोन घरात येतो. म्हणून तर त्या फॉर्मवर आणखी दोन नंबर लागतात. माझा नंबर लागला नाही तर निरोप त्या दोघांकडे जाणार, आणि तो माझ्यापर्यंत पोचवायचा की वाटेतच संपवायचा हे त्या वेळी त्यांच्या हातात असणार.

तेव्हा मी दोघांनाही रीतसर विचारलं. नवरा म्हणाला, "निरोप देईन. तू काय ठरवशील ते तुझं. पण मी तुझ्या आईला काही सांगणार नाही, ते तूच बघ." दादाला फोन केला. तो माझ्यापेक्षा मोठा, नागपूरला असतो आणि आयुष्यात एकदाही माझ्याशी गोड बोललेला नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "हे बघ, मला फोन आला तर मी तुला सांगणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो. मी त्यांना म्हणेन ती परदेशात गेली. तुझ्या अंगाला सुई लागायला मी कारण होणार नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या लोकांशी या विषयावर बोलले, सगळ्यांनी "छान, छान" म्हटलं आणि पुढचं वाक्य दुसऱ्याच विषयावर काढलं. दादानं एकट्यानंच विचार करून उत्तर दिलं होतं, तेही कुणाचं काही अडलेलं नसताना, कुणाची मज्जा जाळलेली नसताना. मी त्याला म्हटलं, "ठीक आहे, मग तुझा नंबर काढते." दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या नंबरवर फोन करून त्याच्या जागी वहिनीचा घातला. तिला आधी विचारून. ती म्हणाली, "द्या माझा. ह्यांना कळवायचं की नाही ते मी बघते."

या वहीला थोर माणसं लागत नाहीत, असं मला त्यानंतर वाटायला लागलं आहे. फोन उचलणारी आणि जे काय आहे ते वेळेत, सरळ सांगणारी माणसं लागतात. हो म्हणायचं तर ते शेवटपर्यंत निभावता यावं, नाही म्हणायचं तर आजच म्हणावं. त्या अर्थानं आमच्या दादाचं नाव त्या यादीत नसलं तरी त्यानं यादीचं काम केलं. आमच्या घरातलं एक कच्चं नाव त्यानं स्वतःहून खोडलं आणि वहिनीचं पक्कं नाव पुढे आणलं.